खाँसाहेबांचं गाणं कुणी सांभाळलं?

दरबारी गवई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भरजरी फेटा, राजाची गादी, दोन बाजूंना तंबोरे आणि मधोमध बसलेला एक पुरुष. चित्र खोटं नाही, पण त्यात बाई कुठेच दिसत नाही. दिसलीच तर चिकाच्या पडद्याआड, नाहीतर नाचणारी म्हणून. आज आम्ही तुम्हाला एका दरबारी गवयाची गोष्ट सांगणार आहोत. तो जन्मला उत्तरेत, मान मिळवला दक्षिणेत आणि घर केलं आपल्या मिरजेत. त्यांचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांची गोष्ट सांगताना त्यांच्या आजूबाजूच्या बायांची नावंही आम्ही घेणार आहोत, कारण ती घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आधी दक्षिणेच्या दरबारांविषयी थोडं. सातारा-सांगलीच्या माणसाला ते परके नाहीत. शहाजीराजांचे एक पुत्र शिवाजीमहाराज, दुसरे व्यंकोजीराजे. शिवाजीमहाराजांच्या वंशातली एक गादी पुढे साताऱ्याला आली. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तमिळ मुलखात तंजावरला आपलं राज्य उभं केलं. म्हणजे सातारकर आणि तंजावरकर हे चुलत घराण्यातले. तंजावरच्या भोसल्यांनी तिथे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ राज्य केलं. दरबारात मराठी बोलली जाई, तेलुगूत काव्य रचलं जाई, रयत तमिळ बोले आणि पंडित संस्कृतात वाद घालत. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, तो मराठीत. आपल्या कीर्तनातल्या साकी, दिंडी, अभंग या चाली तिकडच्या हरिकथेत जाऊन बसल्या, त्या याच दरबाराच्या वाटेने. आज तमिळ हरिकथाकार साकी म्हणतो तेव्हा तो आपल्याच घरातली वस्तू वापरत असतो.

या तंजावरच्या दरबारात बायाही होत्या. प्रतापसिंहराजांच्या काळात, म्हणजे १७३९ ते १७६३ या वर्षांत, मुद्दुपळणी नावाची एक विदुषी होऊन गेली. ती देवदासी परंपरेतली, नृत्य आणि गाणं जाणणारी, तेलुगूत काव्य रचणारी. राधा आणि कृष्णावर तिने एक मोठं काव्य लिहिलं. बाईने बाईच्या मनातली शृंगाराची गोष्ट उघडपणे सांगितली, म्हणून दीडशे वर्षांनी इंग्रजी सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. बंदी का आली? १९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मा नावाच्या दुसऱ्या एका गाणाऱ्या बाईने ते पुस्तक पुन्हा छापून घेतलं म्हणून. आधीच्या एका छापील आवृत्तीत मुद्दुपळणीची ओळख गाळली होती, काही पद्यंही गाळली होती. नागरत्नम्मांनी जुनी पोथी मिळवून पूर्ण काव्य छापलं. ही नागरत्नम्मा मैसूरच्या दरबाराच्या आश्रयाने वाढलेली गायिका. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तंजावरच्या मुलखातच त्यागराज झाले. १७६७ ते १८४७ हा त्यांचा काळ. कर्नाटक संगीतात त्यांना संतांचा मान आहे, आपल्याकडे तुकोबांना असतो तसा. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात गायला बोलावलं आणि त्यांनी नकार दिला, अशी कथा तिकडे घरोघर सांगतात. राजाचं धन मोठं की रामाची सेवा मोठी, असा त्यांचा सवाल होता. तुकोबांनी शिवाजीमहाराजांचा नजराणा परत पाठवला, ही आपली कथा तुम्हाला आठवेल. दरबाराचं अन्न खावं की न खावं, हा प्रश्न गाणाऱ्याला फार जुना आहे.

मग दरबारच गेले. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं, १८५५ मध्ये तंजावरचं. गादी गेली की तनखा जातो, तनखा गेला की गवई दुसरं दार शोधतो. उरलेली दारं म्हणजे मैसूर, बडोदा, कोल्हापूर आणि आपल्याकडची पटवर्धनांची संस्थानं, म्हणजे सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड. म्हणूनच आपला हा कृष्णाकाठ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गाण्याने गजबजला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकवत होते. त्यांच्याकडे कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुस्कर नावाचा मुलगा शिकला. फटाक्याने त्याचे डोळे अधू झाले होते. उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तो तिथे गाणं शिकला.

विष्णू दिगंबर जन्मले १८७२ मध्ये. त्याच वर्षी उत्तरेत, दिल्लीपलीकडच्या कैराना या गावात अब्दुल करीम जन्मले. बोलीत त्या गावाला किराणा म्हणतात, म्हणून त्यांचं घराणं किराणा घराणं. वडील काले खाँ गवई, भाऊ गवई, घरात सारंगी आणि गाणं. लहानपणापासून ते भावाबरोबर गात गावोगाव फिरले. तरुणपणी बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात गायक म्हणून राहिले.

बडोद्याला दक्षिणेचा वारा आधीच लागलेला होता. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई ही तंजावरची. १८८० मध्ये लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वाजवणारे आले होते. म्हणजे दक्षिणेचं गाणं बडोद्यात आलं ते एका नवरीच्या पाठवणीबरोबर. सासरी जाताना आपण जात्यावरच्या ओव्या नेतो, तिने अख्खा ताफा नेला.

आता ताराबाईंची गोष्ट. बडोद्याच्या राजघराण्याशी नातं असलेले एक सरदार होते, मारुतीराव माने. त्यांची मुलगी ताराबाई. अब्दुल करीम खाँ तिला गाणं शिकवत. शिकवता शिकवता दोघांचं मन जुळलं. सरदाराची मुलगी आणि दरबाराचा नोकर, त्यात धर्म वेगळे. १८९८ च्या सुमारास दोघांनी बडोदा सोडलं. खाँसाहेबांची दरबारी नोकरी तिथेच संपली, हे सगळे सांगतात. पण ताराबाईंनी काय सोडलं तेही सांगायला हवं. त्यांनी माहेर सोडलं, मानमरातब सोडला, परत जायची वाट सोडली. पुरुषाला दुसरा दरबार मिळू शकत होता, बाईला दुसरं माहेर मिळत नाही.

दोघं मुंबईला गेले आणि पुढे मिरजेला आले. तो काळ प्लेगचा. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग पसरला होता, घरंच्या घरं ओस पडत होती. मिरजेत खाँसाहेबांनाही प्लेगने गाठलं आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना बरं वाटलं, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते. तेव्हापासून मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा जडली ती जन्मभर. बाहेर कितीही फिरले तरी परतायचं गाव मिरज.

मिरज गवयाला सोयीचं गाव होतं त्याला आणखी एक कारण आहे. तिथले शिकलगार. शिकलगारांचा मूळ धंदा तलवारी आणि हत्यारांना धार लावायचा, पाणी द्यायचा. राज्यं गेली, लढाया थांबल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. मग याच हातांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सतार आणि तंबोरा घडवायला घेतला. पंढरपूरच्या बाजूने मोठे कडू भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यावर लाकडी गळा बसवून तंबोरा होतो. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची हौस होती. तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवून तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेचा आवाज गुणगुणता आणि भरीव करतात. ते काम जाणणाऱ्या कारागिरांच्या गावात असा गवई रमला नाही तरच नवल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं, ते या दीडशे वर्षांच्या हातकामाला.

ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. घरात त्यांची नावं अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, पापा आणि सकीना अशी होती. चंपाकली जन्मली मिरजेत, ३० मे १९०५ रोजी. तिला पुढे सगळा महाराष्ट्र हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखू लागला. धाकटी सकीना १९१३ मध्ये जन्मली, ती सरस्वती राणे.

खाँसाहेब दक्षिणेकडे वळले ते याच वर्षांत. मिरजेहून रेल्वे धारवाड-हुबळीवरून मैसूरकडे जाते. मैसूरच्या दरबारात दसऱ्याला मोठा गाण्याचा उत्सव होई. नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांना संगीताची आवड होती आणि त्यांच्या दरबारात दक्षिणी गायकांबरोबर उत्तरेचे गायकही येत. खाँसाहेब तिथे वारंवार गेले. मैसूर दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ असा किताब दिला. पण किताबापेक्षा मोठी गोष्ट अशी की ते तिथून काही शिकून आले. उत्तरेचा मोठा गवई दक्षिणेत जाऊन शागीर्दासारखा ऐकत बसला, हे त्या काळात घडत नसे. उत्तरेचे लोक दक्षिणी गाण्याला रुक्ष म्हणत, दक्षिणेचे लोक उत्तरेच्या गाण्याला संथ म्हणत. खाँसाहेबांनी दोन्हीकडे कान दिला. ख्याल गाताना मध्येच सारेगम म्हणायची, एकेक स्वर नावाने घेऊन त्याची नक्षी करायची, ही रीत त्यांनी वाढवली, ती कर्नाटक गायकीचा मान राखून. त्यागराजांची एक कृती त्यांनी खरहरप्रिया रागात ध्वनिमुद्रित केली. जे त्यागराज तंजावरच्या मराठी राजाच्या दरबारात गेले नाहीत, त्यांचं गाणं मिरजेच्या मुसलमान उस्तादाच्या गळ्यातून तबकडीवर आलं.

मैसूरच्या वाटेवर धारवाडला त्यांचा मुक्काम असे. तिथे शुक्रवार पेठेत अंबाबाई नावाची गायिका राहायची. ती कर्नाटक संगीत गायची. खाँसाहेब मुद्दाम तिच्या घरी तिचं गाणं ऐकायला जात. म्हणजे दक्षिणेचं गाणं त्यांनी राजवाड्यात ऐकलं तसंच एका बाईच्या साध्या घरात ओसरीवर बसूनही ऐकलं. अंबाबाईंची मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. त्या खाँसाहेबांच्या शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, हिंदुस्थानी गाणं शिकल्या. मुलीच्या कानावर दोन तऱ्हेचे स्वर पडून तिचं गाणं बिघडू नये, म्हणून अंबाबाईंनी आपलं स्वतःचं कर्नाटक गाणं थांबवलं. मैत्रिणींनो, क्षणभर विचार करा. जिचं गाणं ऐकायला उस्ताद घरी येत, तिने मुलीसाठी घरात गायचं बंद केलं. त्याबद्दल तिला कुठल्या दरबाराने किताब दिला नाही.

इकडे सांगलीत त्याच काळात एक वेगळंच काम चाललं होतं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सांगलीला राहत. त्यांना ध्यास होता श्रुतींचा. आपल्या जुन्या ग्रंथांत एका सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत. बाजारातल्या पेटीत मात्र सप्तकाला १२ च पट्ट्या. मग गवई गातो ते स्वर नक्की कुठे असतात? देवलांनी तारेची लांबी मोजून हे शोधायचं ठरवलं. हिशेब साधा आहे. तार बरोबर अर्धी केली की वरचा सा वाजतो, दोनतृतीयांश ठेवली की पंचम वाजतो. तसंच प्रत्येक कोमल-तीव्र स्वराचं ठिकाण मोजता येतं, पण त्यासाठी सुरात पक्का असा गळा हवा. तो गळा खाँसाहेबांचा. ते गात, देवल तारेवर तो स्वर जुळवून माप घेत. १९१० मध्ये देवलांनी यावर इंग्रजीत पुस्तक छापलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी या कामात त्यांना मिळाले. या मापांवरून खास श्रुतींची पेटी लंडनला करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा या पेटीवरून जोराचा वाद झाला आणि जाणकारांनी ती मान्य केली नाही. पेटी मागे पडली. पण एक गोष्ट राहिली. न शिकलेला, इंग्रजी न येणारा म्हणून ज्याला सुशिक्षित लोक हिणवत, त्या उस्तादाच्या गळ्यावर विज्ञानाने भरवसा ठेवला होता.

दरबाराच्या मर्जीवर जगणं खाँसाहेबांना पुरेसं वाटत नव्हतं. विष्णू दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं होतं आणि गाणं शाळेत आणलं होतं. खाँसाहेबांनीही १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतलं. मुसलमान उस्तादाच्या शाळेचं नाव ‘आर्य’. शिष्य बहुतेक हिंदू घरांतले आणि पुष्कळसे गुरूच्याच घरी राहणारे. शाळेसाठी तिकिटाचे जलसे होत. टिपू नावाच्या कुत्र्याला खाँसाहेबांनी सूर लावायला शिकवलं होतं आणि लोक तो चमत्कार बघायला गर्दी करत, हा किस्सा जुने लोक आवडीने सांगत. पण किश्शांच्या मागे एक चूल असते. गुरुघरी राहणाऱ्या शिष्यांना दोन वेळा वाढणं, आजारपणं काढणं, स्वतःची पाच मुलं वाढवणं हे सगळं ज्या घरात होत होतं, ते घर ताराबाईंचं. शाळेच्या इतिहासात गुरूचं नाव पहिल्या ओळीत असतं. स्वयंपाकघराचा इतिहास कुणी लिहीत नाही.

१९२० च्या आसपास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पाचही मुलांना त्यांनी बरोबर नेलं. हा निर्णय त्या काळात किती अवघड असेल ते वेगळं सांगायला नको. माहेर कधीच सुटलेलं, आता नवऱ्याचं नावही सोडलं. मुलांना त्यांनी नवी नावं दिली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू झाला, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, पापाचा कृष्णराव आणि सकीनाची सरस्वती. मुलग्यांनी आडनाव लावलं माने, म्हणजे आईच्या माहेरचं. मुलींनी लावलं बडोदेकर, म्हणजे आईच्या गावाचं. आज आईचं नाव कागदावर लावायचा कायदा आहे, तरी आपण कचरतो. शंभर वर्षांपूर्वी एका बाईने पाच मुलांच्या नावातून आपली ओळख पुढे नेली.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. ताराबाईंनी मुलांचं गाणं सोडवलं नाही. राग येऊन ‘बापाचं गाणं घरात नको’ असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी उलट केलं. सुरेशबाबू गायक झाले. हिराबाईंना सुरेशबाबूंनी आणि किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांनी शिकवलं. ताराबाई आणि मुलांनी मिळून पुण्यात गाण्याची शाळा काढली, नाटक कंपनी काढली. त्या कंपनीत बायांच्या भूमिका बायांनीच करायच्या. हा काळ बालगंधर्वांचा, रंगभूमीवर पुरुष स्त्री होऊन उभा राहत असे आणि खरी बाई उभी राहिली तर लोक नाकं मुरडत.

हिराबाई १९२१ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत लोकांपुढे गायल्या. पुढे तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचं नाव आलं. यात विशेष काय, असं आजच्या मुली विचारतील. तोपर्यंत गाणारी बाई म्हटलं की लोक कोठी समजत. बाईने गावं ते कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात, उभं राहून, हावभाव करून. हिराबाई अंगभर पदर घेऊन तंबोऱ्यापुढे खाली बसल्या, पुरुष गवयासारख्या, आणि शांतपणे ख्याल गायल्या. तिकीट काढणाऱ्याने फक्त गाणं विकत घेतलं, गाणारीला नाही. हा फरक त्यांनी एका बैठकीने समाजाला शिकवला. त्यामुळेच पुढे साध्या घरांतल्या आयांनी आपल्या मुलींना गाण्याच्या क्लासला पाठवलं. हिराबाईंना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या आणि धाकट्या सरस्वतीबाई दोघी बहिणी जोडीने गायच्या. दोन बायांची ख्यालाची जुगलबंदी त्यांच्यापासून लोकांना सवयीची झाली.

असंच एक उदाहरण खुद्द सांगलीत घडलं. गोव्यातल्या कुर्डीची मोगूबाई आईविना पोरकी झालेली मुलगी. ती सातारकर स्त्री संगीत मंडळी या बायांच्या नाटक कंपनीत काम करायची. कंपनी सुटली, प्रकृती बिघडली, म्हणून औषधपाण्याला सांगलीत राहिली. तिथे ती एकटी रियाज करायची. कोल्हापूरच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँ त्या वेळी सांगलीच्या आबासाहेब सांबारे वैद्यांकडे उपचारासाठी आले होते. रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर तो रियाज पडला. ते वर आले, ऐकत बसले आणि तिला शिकवायला लागले. दरबाराचं गाणं एका आजारी, निराधार मुलीच्या खोलीत आलं. तिने ते पुढे वर्षानुवर्षं हाल सोसून मिळवलं आणि मुलीला दिलं. ती मुलगी किशोरी आमोणकर.

खाँसाहेब स्वतः शेवटच्या काळात मिरजेलाच राहिले. बानूबाई लाटकर या शिष्येशी त्यांनी लग्न केलं. त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने गात. नात्यातल्या रोशन आरा हिला त्यांनी तयार केलं. ती पुढे पाकिस्तानात गेली आणि तिथे किराणा घराण्याचं नाव तिने राखलं. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०४-०५ च्या, नंतरच्या १९३० च्या दशकातल्या. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तासाचं गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे शेरभर दुधाची वाटीभर बासुंदी करायची. तशी झिंझोटीतली त्यांची एक ठुमरी गदगच्या एका पोराने ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडून पळाला. तो पोरगा भीमसेन जोशी. म्हणजे मैसूरच्या राजवाड्यात ज्याला शिरायला मिळालं नसतं, त्याला ते गाणं रस्त्यावरच्या दुकानात फुकट मिळालं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला गायले आणि पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाकडे निघाले. रेल्वेत छातीत दुखायला लागलं. मद्रासपासून जवळच सिंगपेरुमल कोइल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला. नमाज पढले, दरबारी रागात सूर लावला आणि गात गात गेले. तारीख होती २७ ऑक्टोबर. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. तिथे दर वर्षी उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, देशभरचे गायक हजेरी लावतात. हिराबाईही तिथे गायल्या. आईने घर वेगळं केलं होतं, तरी लेकीने बापाच्या कबरीपुढे बापाचंच गाणं गायलं. ते तिच्यापर्यंत टिकलं होतं ते आईमुळे.

आता नागरत्नम्मांकडे परत येऊ. त्यागराजांची समाधी तिरुवैयारूला कावेरीकाठी पडीक झाली होती. नागरत्नम्मांनी आपले दागिने आणि मिळकत विकून १९२० च्या दशकात तिथे देऊळ बांधलं. पण त्यागराजांच्या पुण्यतिथीला तिथे बायांनी गायचं नाही, असा पुरुषांचा नियम होता. देऊळ बांधणारीलाच त्या उत्सवात गाता येईना. मग तिने बायांचा वेगळा उत्सव भरवला आणि चिकाटीने पुढे बायांना तिथे गायचा हक्क मिळवून दिला. तिरुवैयारू आणि मिरज, कावेरी आणि कृष्णा, दोन्हीकडे त्याच वर्षांत तेच घडत होतं. दरबार संपत आले होते, गाणं रस्त्यावर आलं होतं आणि ते उचलून पुढे न्यायला बाया पुढे झाल्या होत्या.

खाँसाहेबांचं मोठेपण यात कमी होत नाही. दोन संगीतांमधली, दोन धर्मांमधली भिंत त्यांनी गळ्याने ओलांडली. आजच्या दिवसांत हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. पण भिंत ओलांडताना खाली कुणीतरी खांदा दिलेला असतो. ताराबाईंनी दिला, अंबाबाईंनी दिला. राजाने दिलेला किताब एका माणसाबरोबर गेला. आईने मुलीला दिलेली तालीम अजून चालू आहे, कुठल्या तरी गावात आत्ता या घडीला एखादी मुलगी सारेगम घोकत असेल.

तुमच्या घरात, गल्लीत, भजनी मंडळात अशी कुणी असेल. जिने स्वतःचं गाणं बाजूला ठेवून दुसऱ्याचं सांभाळलं, जात्यावरच्या ओव्या शिकवल्या, पेटीचा क्लास लावायला दूध विकून पैसे साठवले. तिचं पूर्ण नाव, गाव आणि ती काय गायची, हे वहीत लिहून ठेवा. ती हयात असेल तर तिला गायला लावा आणि मोबाइलवर भरून घ्या. दरबारांनी आपल्या गवयांची नावं लिहून ठेवली. आपल्या बायांची नावं आपणच लिहायची आहेत.